चुलीच्या मापाचे तुकडे

"पाय काढा. माझं लाकूड आहे ते."

"तुमचं? नाव कुठं लिहिलंय?"

असा भेटला कोलास. वादळानंतर, आमच्या दुलान गावच्या किनाऱ्यावर. वनखात्याची माणसं वाहून आलेल्या किमती लाकडांवर लाल खुणा करून गेली होती, उरलेलं सगळं गावाचं. मी फाटकी जाळी, जोडीविना चपला वेचत होते. त्यांची शिल्पं करते मी — कशासारखीही न दिसणारी. आणि या वाकड्या, लांबलचक ओंडक्याशिवाय प्रदर्शनातलं शिल्प उभंच राहणार नव्हतं.

"याचं काय होणार?"

"काही नाही. आहे तेच."

"मग एवढा आटापिटा?"

हसताना त्याचा एक डोळा आधी मिटतो. हे मला दिसायला नको होतं...

संध्याकाळपर्यंत तोही चपला वेचत राहिला. "ओंडका जड आहे. उद्या घरी पोचवतो."

पोचवला.

सकाळी दाराशी — हातभर लांबीचे, एकसारखे, सुबक रचलेले तुकडे. त्याच्या केसांत भुसा.

आई हरखली. "सावमा, सरपण आणलंय गं पोरानं. तुझ्या बापानंही असंच आणलं होतं. चुलीत घातलंस, तर हा आपल्या घरी नांदायला येणार. नाही घातलंस, तर गेला."

"मला अख्खा हवा होता. शिल्पासाठी."

कोलासचा चेहरा उतरला. "मला वाटलं... घरी लाकूड आणू दिलंत, म्हणजे—" त्यानं दोन तुकडे टोकाला टोक लावून पाहिले. "परत जोडता येईल?"

"ओंडका आहे तो. बशी नव्हे."

तो गेला.

मग मी तुकडे जाळ्यात अडकवले. चपलांच्या पट्ट्यांनी आवळले. ते वळत, झुकत वर चढले. ओंडक्याहून बरं झालं. हे त्याला सांगायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो आला. अंगणातल्या शिल्पाभोवती फिरला.

"सगळे वापरलेत?"

"सगळे."

"म्हणजे चुलीत... एकही नाही."

"नाही."

मान हलवून तो स्कूटरकडे वळला. हेल्मेटचा पट्टा त्याला लागेना.

मी खालच्या थरातला एक तुकडा ओढून काढला, आत नेला आणि चुलीत सारला. लाकूड ओलं. धूरच धूर. आई खोकत माझ्या मागोमाग बाहेर आली, तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि भातात आणखी मूठभर तांदूळ टाकायला परत आत गेली.

"अहो, शिल्प कलतंय," कोलास म्हणाला.

"धर ना मग."