पाण्याबाहेर राहिलेला हात

त्या गल्लीत दोघांना सगळे 'टायवाले' म्हणत. पांढरे शर्ट, काळ्या पँट, रोज पॉलिश केलेले बूट आणि छातीवर काळी पट्टी. दोघांना अजून धड मिसरूडही फुटलं नव्हतं आणि पट्टीवर मात्र 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ, असं लिहिलेलं. कोपऱ्यावरचा सलूनवाला ते वाचून न चुकता खुर्चीवरून उठायचा आणि अदबीने म्हणायचा, "या वडील, दाढी करायची का?" जोडीतला जुना हसून पुढे जायचा. धाकट्याचे कान लाल व्हायचे.

धाकटा नवा होता. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीची रीतच अशी, की प्रचारकाने एकट्याने कुठे जायचं नाही. झोपायचं एका खोलीत, चालायचं एका रस्त्याने, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. पहाटे उठून धर्मग्रंथ, मग दारोदार. चहा नाही, सिनेमा नाही, घरी फोन फक्त सोमवारी, आठवड्याचे कपडे धुऊन झाल्यावर. यातल्या कशाचाच त्याला जाच वाटत नव्हता. सलत होतं ते एवढंच, की इतकी दारं ठोठावूनही त्याच्या हातून एकही माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत आला नव्हता. थोरला भाऊ याच सेवेवरून परतला होता तेव्हा त्याने अख्खं एक कुटुंब मंडळीत आणलेलं होतं. सोमवारी आई विचारायची, "कुणी आलं का रे?" मग धाकटा इकडच्या हवेबद्दल बोलायला लागायचा.

अशात मावशीने त्यांना शिंप्याचं दुकान दाखवलं.

मावशी म्हणजे मंडळीच्या सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. झाडलोट, खुर्च्या मांडणं, बाप्तिस्म्याचे पांढरे पोशाख धुऊन इस्त्री करणं, हौद भरणं, सगळं तीच करायची. बोलणं कमी. शिंपी तिचा दाजी, मोठ्या बहिणीचा नवरा. बहीण पूर्वीच वारलेली. "त्यांच्याकडे जा," मावशी म्हणाली. "त्यांना पाण्याची गरज आहे."

शिंपी साठीच्या पुढचा, वाकलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने मशीन थांबवलं, कापडाचे तुकडे बाजूला सारून दोघांना बाकावर बसवलं, चहा विचारला, नको म्हटल्यावर पाणी दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बायकोचा विषय त्यानेच काढला. तिघं कालव्याच्या काठाने येत होती. तो आणि बायको पुढे, मेहुणी मागे. पाऊस होऊन गेलेला. बायकोचा पाय घसरला. त्याने हात धरला होता, पण ओढ फार होती. "निसटला," तो म्हणाला, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

प्रार्थनेआधी तो उठून मागच्या नळावर हात धुवायचा. साबण लावून, बोटं चोळून. धाकट्याच्या लक्षात एक बारीकशी गोष्ट आली. कापडावर खुणा करायच्या खडूची पांढरी पूड शिंप्याच्या दोन्ही हातांवर असायची. धुतल्यावर डावा हात स्वच्छ आणि ओला व्हायचा. उजव्यावर पूड तशीच. धाकट्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात, राठ झालेला, भेगांमध्ये खडू बसला असेल.

शिंपी दर रविवारी यायला लागला. गाणी पाठ झाली. आणि एके दिवशी त्याने आपणहून विचारलं, पाण्यात उतरल्यावर सगळंच धुऊन जातं का. जुना म्हणाला, सगळंच. शिंपी टेबलावर डोकं टेकवून रडला. त्या सोमवारी धाकट्याने आईला हवेबद्दल काही सांगितलं नाही.

मावशीला मात्र वेगळंच काही हवं होतं. ती खुर्च्या पुसता पुसता विचारायची, आणि एकच विचारायची. माणूस पूर्ण बुडावा लागतो ना? कपडासुद्धा वर राहून चालत नाही ना? जुन्याने समजावून सांगितलं. हौदाच्या दोन्ही बाजूंना एकेक साक्षीदार असतो. केस, कोपर, पायाचा अंगठा, काहीही पाण्याबाहेर राहिलेलं त्याने बघितलं, तर सांगायचं. मग प्रार्थना पुन्हा, बुडवणं पुन्हा.

"आणि राहतच असेल तर?"

"असं कसं राहील, मावशी?"

"एका बाजूला मी उभी राहीन," मावशी म्हणाली. मंडळीची सभासद म्हणून तो तिचा हक्क होता. दुसऱ्या बाजूला धाकटा, हेही ठरलं.

बाप्तिस्म्याआधीची मुलाखत घ्यायला प्रचारकांचा बाहेरगावचा प्रमुख आला. दार लावून झाली. बाहेर आल्यावर शिंपी धाकट्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, की हातून मोठा गुन्हा घडलाय का असं विचारलं. नाही म्हणून सांगितलं. बोलताना तो उजव्या हाताची बोटं पँटवर घासत होता.

रविवारी दुपारी सभा उरकली आणि सात-आठ माणसं हौदाच्या खोलीत जमली. पांढऱ्या फरशीची खोली, वर दुधी काचेची खिडकी, कोमट पाण्याचा वाफाळ वास. मावशीने सकाळपासून नळ सोडून हौद भरला होता. पांढऱ्या पोशाखातला शिंपी जुन्याचा हात धरून पायऱ्या उतरला तेव्हा एखाद्या लहान मुलासारखा दिसत होता.

जुन्याने हात उंचावून प्रार्थना म्हटली. शिंप्याने उजव्या हाताने नाक दाबलं. जुन्याने त्याला मागे झुकवलं, पाणी त्याच्या अंगावर मिटलं आणि तो परत वर आला.

"हात वर राहिला," मावशी म्हणाली.

धाकट्यानेही बघितलं होतं. लोक कौतुकाने हसले. जुना म्हणाला, होतं असं, पहिल्यांदा माणूस घाबरतो. पुन्हा प्रार्थना, शब्द न् शब्द तोच. पुन्हा शिंपी खाली गेला. नाकावरचा हात सुटला आणि सरळ वर आला.

धाकटा आता काठावर गुडघे टेकून बसला होता. त्याला वाटलं होतं, हात धडपडत असेल. हात धडपडत नव्हता. मनगटापासून वर, स्थिर. बोटं अर्धवट मिटलेली, कुणीतरी काठावरून हात द्यावा आणि तो आपण धरावा, तशी. जुन्याने मोकळ्या हाताने ते मनगट खाली दाबलं. जुना धट्टाकट्टा होता, घरच्या शेतात वाढलेला. मनगट हललं नाही.

"हात वर आहे," मावशी म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. शिंपी खोकत उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. फक्त उजव्या हातावर खडूची पूड होती. कोरडी.

मावशी हौदाला वळसा घालून धाकट्याच्या शेजारी आली आणि वाकली. तिच्या लुगड्याला साबणाचा वास येत होता.

"निसटला नव्हता," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मी मागे होते. त्यांनी बोटं उघडली. एकेक करून." मग सरळ होत म्हणाली, "ताई खाली गेली, तेव्हा तिचा हात असाच वर होता. आता बघू दे त्यांना, कसं वाटतं ते."

ती आपल्या जागेवर परत गेली.

शिंप्याने एकही शब्द ऐकला नसणार. पण तो मावशीकडे नाही, धाकट्याकडे बघत होता. ओठ निळे पडले होते.

"अजून एकदा," तो म्हणाला. आणि मग फक्त धाकट्याला ऐकू जाईल असं, "बाळा, झालं म्हण. या पाण्यातून मला असाच परत पाठवू नको."

जुन्याने पुन्हा प्रार्थना म्हटली. शिंपी खाली गेला. पाण्याखाली त्याचे डोळे उघडे होते.

हात वर आला.

धाकट्याने तो वीतभर अंतरावरून बघितला. बोटांच्या मधल्या त्वचेवर खळगे पडले होते. दुसऱ्या कुणाच्या बोटांनी दाबल्यावर पडतात तसे.

"वर आहे," मावशी म्हणाली.

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. त्याला आईचा आवाज आठवला. भावाने मंडळीत आणलेलं कुटुंब आठवलं. पाण्याखालचे डोळे समोरच होते.

त्याने उजवा हात वर केला.

"नाही मावशी. गेला हात. मी बघितला."

मावशीने त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. रागाने नाही. एखादं ओझं इथे ठेवू की तिथे, असा विचार करावा, तसं.

"बरं," ती म्हणाली. "तू बघितलास तर गेला असेल. साक्ष तुझी."

शिंपी वर आला. पायऱ्या चढताना त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवरून पाणी निथळलं आणि फरशीवर खडूचं पांढुरकं थारोळं झालं. तो हात डोळ्यांसमोर धरून हसत होता, रडत होता. लोकांनी गाणं सुरू केलं. मावशीने खाली वाकून हौदाचं बूच काढलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. धाकट्याने आईला फोनवर सांगितलं, आला, एक जण आला. आई म्हणाली, थांब, तुझ्या वडिलांना देते.

नंतर त्याने दोघांचे बूट पॉलिश केले आणि हात धुवायला न्हाणीघरात गेला. डाव्या हाताचं काळं पॉलिश साबणाच्या फेसाबरोबर निघालं. उजव्याचं निघालं नाही. त्याने नळ पूर्ण सोडला. पाणी मनगटापर्यंत येत होतं आणि तिथून दोन बाजूंना फुटून खाली जात होतं.

त्याने हात कोपरापासून बादलीत घातला. कोपर बुडलं, मनगट बुडलं नाही. कुणीतरी बोटं धरली होती. ओढत नव्हतं, दाबत नव्हतं. नुसतं धरून होतं, पक्कं.

दारात जुना उभा होता. जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. त्याने बादलीकडे बघितलं, नंतर धाकट्याच्या तोंडाकडे, आणि टॉवेल पुढे केला.

धाकट्याने तो घेतला आणि कोरडा हात नीट, एकेक बोट करून, पुसला.