खणातले चोवीस बोल्ट

माझ्या थोरल्याला गिऱ्हाइकासमोर मला गप्प करायची भारी हौस. मी तोंड उघडलं की हा हसून म्हणणार, "आईचं मनावर घेऊ नका, तिचा काळ वेगळा होता." एकोणतीस वर्षं हे नट-बोल्टचं दुकान मी चालवलं. ह्याच्या मिशा फुटायच्या आधीपासून. आणि आता हा मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतो, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखं. चालू आहे, पण वेळ कोणी विचारायची नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पण बोल्ट मला वाचता येतो. आमच्या ह्यांनी शिकवलं होतं ते असं: नख फिरवलं की आटे जाड का बारीक ते कळतं. मग नट घ्यायचा, पाना नाही लावायचा, नुसत्या बोटांनी फिरवत डोक्यापर्यंत न्यायचा. नव्या बोल्टवर तो सरसर जातो. जो बोल्ट एकदा ताकदीबाहेर ताणला गेला, त्याच्यावर नट चार आटे नीट जातो आणि मग अडतो. ताणल्यावर आट्यांमधलं अंतर वाढतं. डोळ्याला दिसत नाही, नटाला बरोबर कळतं. असा बोल्ट पुन्हा कामाला लावायचा नसतो.

थोरल्याला ह्यातलं काही नको. तो बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचतो. आठ पॉइंट आठ म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताण सोसणारा, झालं, बांधा पुडकं.

गावाबाहेर कपडे शिवायचा कारखाना आहे. तिथे जागा कमी पडायला लागली म्हणून त्यांनी आत एक लोखंडी माळा टांगला. खाली खांब नाहीत. वरच्या गर्डरपासून पंधरा पट्ट्या खाली सोडलेल्या, दर पट्टीला चार बोल्ट. साठ बोल्ट आपल्याकडून गेले, सोळा मिलीचे, डोक्यापर्यंत आटे असलेले. थोरल्याने ते एका नव्या व्यापाऱ्याकडून आणले होते. माल आला त्याच दिवशी मी एकावर कानस घासली होती. हाय टेन्साइल बोल्टवर कानस घसरते, किंचाळते. ह्याच्यावर ती साबणात गेल्यासारखी गेली. मी म्हटलं, हे मऊ लोखंड आहे, शिक्का कोणीही मारतं. थोरल्याने कानस माझ्या हातातून काढून घेतली आणि खणात टाकली. दुसऱ्या दिवशी माल रवाना.

त्या माळ्यावर चाळीस बायका मशिनवर बसतात. त्यांची मुकादम म्हणजे माझी धाकटी, ह्याची सख्खी बहीण.

साठ गेले, चोवीस उरले. ते मी मागच्या भिंतीच्या पत्र्याच्या खणात ठेवले होते, तेलकट कागदात बांधलेले, तसेच.

महिन्याभराने एका सकाळी त्या खणातून आवाज आला. टक. उन्हाने पत्रा तापला की होतो तसा. पण त्या भिंतीला ऊन येत नाही. मी घड्याळ पाहिलं, दहा वाजले होते. मग पुन्हा टक, आणि दिवसभर अधूनमधून. एकला थांबला, पावणेदोनला सुरू झाला, सहाला बंद. चार दिवस मी लक्ष ठेवलं. पाचव्या दिवशी, रविवारी, दुकान झाडायला उघडलं तर खण गप्प.

दहा ते सहा, मध्ये एक ते पावणेदोन जेवण. ही वेळ मला तोंडपाठ होती. धाकटीचा डबा त्याच हिशोबाने भरते मी.

मी पुडकं सोडलं. कागदाची घडी कोरी होती, तेलाचा वास ताजा होता. एक बोल्ट घेतला, नट लावला. चार आटे गेला आणि अडला. दुसरा घेतला. तोही चार आटे. चोवीसच्या चोवीस, तिथेच. पेटीतून काढल्यावर ज्यांनी कधी एक पत्रासुद्धा धरला नाही, ते बोल्ट ताणलेले होते.

थोरल्याला दाखवले. तो म्हणाला नटाचे आटे खराब असतील. मी दुसऱ्या पेटीतले नट आणले. तो म्हणाला मग तुझी बोटं म्हातारी झाली असतील. आतल्या घरात सून पोळ्या लाटता लाटता हसली आणि लगेच माझ्याकडे बघून थांबली.

पुढच्या आठवड्यात नट तीन आट्यांवर अडायला लागला. मग दोनवर. बोल्ट मधोमध बारीक होत चालले होते, मुलं पेन्सिल चावतात तसे. मापायची पकड लावली तर सोळाचे पंधरा भरले, एक तर चौदा. हे मी थोरल्याच्या नाकासमोर धरलं. त्याने पकड स्वतः लावून पाहिली. मग म्हणाला, "व्यापाऱ्याने उरलेला माल तसलाच दिला असेल. गेलेले साठ चांगले होते."

धाकटीला मी सांगितलं की उद्यापासून जाऊ नकोस. तिने चपला काढल्या, पाय चोळले आणि सगळं नीट ऐकून घेतलं. ती भावासारखी नाही, ऐकून घेते. मग म्हणाली, "चाळीस बायकांना वर ठेवून मी एकटी खाली उतरू? काय तोंडाने?"

तेव्हा मीच कारखान्यात गेले. मॅनेजर पोरगेलासा, पण भला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी फारच हटून बसले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत फिटरला शिडी लावायला लावली. फिटरने एका पट्टीला आधार दिला, एक बोल्ट सोडवून आणला आणि माझ्या हातात ठेवला. मी बोटांनी नट लावला.

सरसर डोक्यापर्यंत गेला.

मी दुसरा मागितला. त्याने कुरकुरत दुसऱ्या टोकाचा काढून दिला. तोही तसाच. आट्यांवर पेटीतलं तेल अजून ओलं होतं. फिटर म्हणाला, "मावशी, हे तर काल लावल्यासारखे आहेत. ह्यांच्यावर भार आलाच नाही असं वाटतंय." त्याने दोन्ही बोल्ट परत कसले. मी वर पाहिलं. माळा चाळीस मशिनींसकट तिथे टांगलेला होता. बायका परत चढत होत्या, जिना हलत होता. धाकटी कठड्याशी उभी राहून डोकी मोजत होती.

मॅनेजरने मला रिक्षापर्यंत सोडलं. असा माल असेल तर दुसऱ्या माळ्यालाही तुमच्याकडूनच घेऊ, म्हणाला.

थोरला ते ऐकून दोन दिवस हसत होता. शेजारच्या रंगवाल्यालाही त्याने सांगून टाकलं. मी स्टुलावर बसून खणातले आवाज मोजत राहिले.

पहिला बोल्ट मंगळवारी तुटला. सव्वाअकराला. आवाज असा आला की गिऱ्हाईक दचकून रस्त्यावर बघायला लागलं. खण उघडला तर दोन तुकडे, तुटलेलं तोंड कोमट. शनिवारपर्यंत नऊ तुटले. पुढच्या आठवड्यात बारा. आता थोरला हसत नव्हता. तो त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा आणि रेडिओ लावायचा.

शेवटचे तीन सोमवारी, एकामागून एक, बाराच्या आत.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. कारखान्याच्या दिशेने कान. रुग्णवाहिका नाही, धावपळ नाही, काही नाही. सव्वासहाला धाकटी आली, नेहमीसारखी, पाय दुखतात म्हणाली.

त्या आठवड्यात सुनेने थोरल्याच्या दोन पँटींची शिवण उसवून खाली सोडली. धुण्यात आटल्या असतील, म्हणाली. मग सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या हाडावर गेल्या, कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. बेचाळीस वर्षांचा माणूस. दुकानाच्या आतल्या दाराखालून तो आजवर ताठ जायचा, त्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं.

दहा वाजले की तो शटरची पट्टी दोन्ही हातांनी धरतो. गिऱ्हाइकाला वाटतं, आळस देतोय. एकला सोडतो. पावणेदोनला पुन्हा धरतो.

रविवारी मात्र तो झोपतो.

तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या स्टुलाशी येऊन वाकला. खूप वाकावं लागलं त्याला. गळ्याच्या शिरा सुतळीसारख्या ताणलेल्या होत्या.

"आई, धाकटीला घरी बसव ना," तो म्हणाला. "तुझं ऐकेल ती. एकीचं वजन तरी कमी होईल."

मी म्हटलं, त्यापेक्षा कागद घे. माल मऊ होता, मला माहीत होतं, असं लिही आणि खाली सही कर. मॅनेजर म्हातारीचं ऐकत नाही, पण तुझ्या सहीवर त्याला बोल्ट बदलावेच लागतील. एका रविवारचं काम आहे.

पेनही मीच त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं.

"आणि मग दुकानाचं नाव?" तो म्हणाला.

बाहेर भोंगा झाला. पावणेदोन. त्याचे हात आपोआप शटरकडे गेले आणि बरगड्यांतून एक बारीक आवाज आला. टक.

मी स्टुलावरून उठले. हा पोटात होता तेव्हा मी ह्याच दुकानात पेट्या उचलल्या आहेत. धाकटीचा पाय जिन्यावर पडत असेल आत्ता, चाळीसजणींच्या मागे, शेवटचा. मी त्याच्यासमोर उभी राहिले. मान वर करावी लागली, पण नजर मी सोडली नाही.

"नाही बसवणार मी तिला घरी," मी म्हटलं. "तुझी परीक्षा माझ्या बोटांनी कधीच झाली आहे. तू मऊ आहेस. मऊ लोखंड एकदम तुटत नाही, आधी लांबतं, मग कमरेत बारीक होतं, वेळ देतं. तुझ्या पट्ट्याला आतल्या बाजूने अजून दोन भोकं आहेत. सही करायची तर तेवढ्यात कर. नाहीतर सहा वाजेपर्यंत नीट उभा राहा, तुझी बहीण वर आहे."