वरच्या मजल्याचं पाणी

हेरेस गावातल्या त्या घराला दरवर्षी काहीतरी हवंच असायचं. पावसाआधी गच्चीवर पाणी अडवणारा लाल रंग, कधी टाकीचा तळ, कधी पंप. एर्मेलिंदा एकटी जीव, तिला स्वतःला फारसं लागत नसे. खायला लागायचं ते घरालाच. यंदा तिनं ठरवलं, बास, घर विकायचं. मे महिन्यातल्या एका सोमवारी शाळेचे मास्तर विसार घेऊन येणार होते.

गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर निघालेल्या होत्या. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून गावात सगळेच अशा सळया सोडतात, गंजू नयेत म्हणून त्यांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घालतात. वर न्हाणीघर, निळ्या फरश्या, डोंगराकडे खिडकी; तिच्या मुलानं, फिदेन्सियोनं, सीमेपलीकडे उत्तरेला कामाला जाताना हे सगळं वहीच्या पानावर काढून दिलं होतं. आठ महिने त्याचा फोन नव्हता.

एप्रिलात स्वयंपाकघराच्या छताला ओल आली.

हे घर बांधणारे माकारियो मिस्त्री आले. त्यांनी गिलावा खरवडला, ओलं बोट नाकाशी नेलं.

"बाई, हे पावसाचं नव्हे."

"पाऊस आहे कुठे? सप्टेंबरपासून थेंब नाही."

"कोमट आहे. साबणाचा वास येतोय. न्हाणीघराचा पाइप गळला की असं होतं."

"मिस्त्री, सकाळी सकाळीच घेतलीत वाटतं? वर न्हाणीघर आहे कुठे?"

"घेतली असती तर बरं झालं असतं," म्हणत ते शिडीनं वर जाऊन आले. गच्ची चुलीवरच्या तव्यासारखी कोरडी ठाक होती. त्यांनी भेग बुजवली. पैसे मात्र घेतले नाहीत, आणि तेच तिला खटकलं.

चार दिवसांनी ओल परतली. दोन महिने पुरणारी गॅसची टाकी तीन आठवड्यांत संपली. पहाटे सहाला ती जपमाळ घेऊन बसली की वरून पाणी पडल्याचा आवाज येई, मग ओल्या पावलांचा. फिदेन्सियो कामावर जायचा तेव्हा सहालाच न्हायचा. एर्मेलिंदा ओलीखाली पातेलं ठेवी आणि कॉफी घेऊन शेजारी बसे. खोटं कशाला बोला, तिला सोबत वाटायची.

तीन मे हा गवंड्यांचा क्रूसाचा सण. अपुऱ्या घरांवर ते कागदी फुलांचा क्रूस बांधतात, घरमालकीण त्यांना जेवू घालते. यंदा तिनं नको म्हणून कळवलं होतं. तरी माकारियो आले, वर चढले आणि गेल्या वर्षीचा विटका क्रूस काखेत घेऊन उतरले.

"तो कशाला काढलात?"

"काम पुरं झालं की काढायचाच असतो, बाई."

"कुठलं काम?"

"अहो, काल रस्त्यानं चाललो होतो, तर फिदेन्सियोनंच हाक मारली. 'मिस्त्री, झालं हो माझं! क्रूस घेऊन जा.' आला कधी तो? फार वाळलाय. खिडकीत नुसता सदराच उभा असल्यासारखा वाटला."

"कुठल्या खिडकीत?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. बाटल्या घातलेल्या सळया, आणि मागे नुसतं आभाळ.

त्यांनी टोपी काढली आणि क्रूस छातीशी धरला.

ठरलेल्या सोमवारी मास्तर आले. तिनं दारातच हात जोडले.

"माफ करा, मास्तर. वर माणूस राहतंय."

दार लावलं तोच फोन वाजला. नंबर उत्तरेचा होता. त्याचा नव्हता.

तिनं हात पुढे केला.

वर पडणारं पाणी थांबलं. ओली पावलं आली आणि फोनच्या बरोबर वर उभी राहिली.

हात मागे आला. फोन वाजून वाजून गप्प झाला.

थोड्या वेळानं वर पुन्हा पाणी सुरू झालं. एर्मेलिंदानं भरलेलं पातेलं ओतलं, रिकामं जागच्या जागी ठेवलं. रस्त्यावरून गॅसची गाडी ओरडत चालली होती. तिनं दार उघडून दोन टाक्या सांगितल्या.