घरभानाला कळलेली खूण

मालनबाई त्या सकाळी घरभानावर इतक्या वैतागल्या होत्या की चहासुद्धा गोड लागेना. बार्शीतली गिरणी बंद पडून जमाना झाला होता. तिच्या कामगार चाळीतल्या दोन खोल्या घ्यायच्या, नीटनेटक्या करायच्या आणि दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या, यात नवराबायकोनं होतं नव्हतं ते घातलं होतं. घरभान म्हणजे बुकिंगवाल्या कंपनीनं खोल्यांत बसवलेलं यंत्र. भिंतीतून लहरी सोडून ते माणसाची हालचाल ओळखायचं. कॅमेरा नाही, काही नाही. हात हलवला की दिवा, पंखा, गरम पाणी. पाहुणा पडलाबिडला तर मालकाला निरोप.

पण खोल्या झाडायला जायचे मालनबाईंचे यजमान महादेवराव. त्यांची उमेदीची वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात गेलेली. तिथं कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे, म्हणून विणकर हातांच्या खुणांनी बोलत. ती सवय काही सुटली नव्हती. एकटे असले तरी हात आपले चालूच! घरभान नेमकं तेच शिकून बसलं; महादेवरावांनी हौसेनं एकेका खुणेचा अर्थही त्याला सांगून ठेवलेला. पाहुण्यानं डास मारला की त्याला ती ‘थांबव’ची खूण वाटायची आणि पंखा बंद. पाहुणे चिडायचे, तक्रारी लिहायचे आणि पुढची बुकिंगं गळायची.

“आज त्या खुणा घरभानातून पुसूनच टाकते,” मालनबाई म्हणाल्या. “धंदा बुडायची वेळ आलीय, आणि तुमचे आपले हातवारे!”

“पूस बाई,” महादेवराव म्हणाले. “तसंही त्या खुणांनी बोलायला आता उरलंय कोण?”

बाईंनी फोन हातात घेतला, तोच घरभानाचा निरोप झळकला: ‘पाहुणे खुर्चीत बसले आहेत. उजवा हात हलत नाही. डाव्या हाताने खूण: माग थांबव, माणूस अडकला.’

खोलीत आदल्या दिवशीच वामन लोंढे नावाचे गृहस्थ उतरले होते. दोघं धावत गेले. लोंढ्यांचं तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. नशीब, रुग्णवाहिका वेळेत आली.

“पडले असते तर कुठल्याही घराला कळलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “बसल्या माणसाला झटका आलेला तुम्हाला कळला कसा?”

मालनबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग नवऱ्याला, भर दवाखान्यात. ते पुसायचं बटण दाबलं असतं तर, हा विचार काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

लोंढे याच गिरणीतले, दुसऱ्या पाळीचे विणकर निघाले. जुनी जागा एकदा बघून जावी म्हणून आले होते. जीव वाचला, वाचा मात्र गेली.

पुढं महिन्याभरानं पुण्याहून त्यांच्या मुलीचा, सुलभाचा, व्हिडिओ कॉल आला.

“काका, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण एक विचारू? मी बाबांचं काही करायला गेले की ते सारखी ही खूण करतात.” तिनं तळहात खाली दाबला, मग दोन बोटं आपल्या छातीकडे वळवली. “मला वाटतं काहीतरी दुखतंय. गोळी दिली तर नको म्हणून मान हलवतात.”

महादेवरावांना गहिवरून आलं.

“दुखत नाहीये पोरी. शेजारचा विणकर दमला की आम्ही असं म्हणायचो: तू बस घटकाभर, तुझा माग मी सांभाळतो.”

सुलभा रडायलाच लागली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, “काका, याला उत्तर द्यायची खूण कोणती?”