अ‍ॅडेलिनची टोपली

निर्यात परवान्याचा फॉर्म एका पानाचा आहे. वस्तू पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि घडवणारा हयात नसेल, तरच मी ती अडवू शकतो. घडवणारा जिवंत असला तर वस्तू खुशाल परदेशी जाऊ दे, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. कॅनडातल्या कॅमलूप्सच्या संग्रहालयात तेवीस वर्षं मी हेच तपासतोय.

मार्चमध्ये व्हँकुव्हरच्या एका व्यापाऱ्याची टोपली तपासणीला आली. सीडर झाडाच्या मुळांची, घट्ट विणीची, झ्युरिकला निघालेली. विणणारी अ‍ॅडेलिन, थॉम्पसन नदीकाठची, १९३१ साली वारलेली. मी विणीचे फेर मोजले. चौऱ्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर भरले. म्हटलं, वय झालं आता, चष्मा बदलायला हवा. तिसऱ्या दिवशी शहात्तर. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. विणताना मुळं भिजवून घेतात. काठावरच्या शेवटच्या फेराचं टोक ओलं होतं. खरं सांगतो, मला भीती वाटली.

त्याच दुपारी अ‍ॅडेलिनची नात व्हर्ना आली. पंच्याहत्तरीची बाई. परवाना नाकारला, तर टोपली सहा महिने देशातच थांबते; तेवढ्या वेळात तिच्या वस्तीतले लोक ती विकत घेणार होते.

"वाढतेय ना?" तिने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"आईने विकली त्याच्या आधीही वाढायची. आई म्हणायची, म्हातारीला बसून राहणं ठाऊकच नाही. का रे, तुझ्या फुटपट्टीत मावत नाही वाटतं?"

"मग विणणारी हयात आहे, असं लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं की टोपली गेली."

तिचं हसू मावळलं.

"मेली म्हणून लिही," ती म्हणाली. "कागदावरच तर मरायचंय."

मी लिहिलं, 'हयात नाही'. सही केली. शिक्का मारला.

व्हर्ना बाहेर जाऊन घरी फोन करू लागली. "राहिली गं, राहिली," ती सांगत होती. आवाज रडवेला झाला होता.

मी कपाट उघडलं.

शहात्तरच फेर होते. पुढचा टाका अर्धाच घातलेला होता.

त्यात विणायची हाडाची आरी खुपसलेली होती.

आरीची मूठ अजून कोमट होती.