राखेतली नऊ बोटं

"मेलेला माणूस स्वतःच्याच पेटीतला कागद कशाला चोरील?" पियोने विचारलं.

"तेच पाहायला आलोय," मार्सेलो दुंगका म्हणाला आणि जिन्याखालच्या रांजणातल्या पाण्याने पाय धुऊन वर चढला. कोर्टातली कारकुनी सोडून तो आता लोकांची कोडी सोडवत असे. पियो त्याचा मेव्हणा. छत्री सांभाळणं एवढंच त्याचं काम.

मनिलाजवळच्या पांपांगा प्रांतातल्या त्या ऊसवाल्या घरातले आगातोन काका वारून आठ दिवस झाले होते. तिथल्या रीतीने नऊ दिवस घराला झाडू लागत नाही आणि भावकीतलं कुणी घर सोडत नाही. खोल्या माणसांनी भरल्या होत्या, पण सगळी कुजबुजत होती. पियोला ते घर मुळीच आवडलं नाही.

काकांच्या खोलीच्या दारात भाताचं ताट होतं. पियोचा पाय त्यात पडता पडता वाचला.

"जमीन सावकाराकडे गहाण होती," पुतणी साबिना म्हणाली. काकांमागे सगळा कारभार तिच्याच गळ्यात आला होता. "काकांनी मरायच्या आधी सगळं फेडलं. पावती पेटीत होती. उद्या दुपारपर्यंत दाखवली नाही, तर जमीन त्याची."

जमिनीवर राख पसरलेली होती. गेलेलं माणूस परत येतं का ते कळावं, म्हणून तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे साबिनानेच ती पसरली होती. दारापासून पेटीपर्यंत आणि परत अनवाणी पावलं उमटली होती. डाव्या पावलाला चारच बोटं.

"काकांच्या डाव्या पायाची करंगळी चरकात गेली होती. लोक म्हणतात, कर्ज फिटलंच नव्हतं, म्हणून खोटा कागद न्यायला आले." तिने दारातल्या ताटाकडे पाहिलं. "पण आले तरी."

मार्सेलो गुडघ्यावर बसला. बोटांचे ठसे एकमेकांना खेटून होते. "काका बूट घालायचे?"

"ते? जन्म अनवाणी गेला. चर्चला जातानाही बूट काखेत. आणि मेल्यावर आमच्यात कुणालाच बूट घालत नाहीत, परत आला तर घरात पावलं वाजतात म्हणून."

मुकादम दोनातो खालीच उभा होता. त्याच्या पायाची बोटं आल्याच्या कांड्यासारखी फाकलेली होती.

"पेटीची किल्ली देव्हाऱ्यात असते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण जमीन गेली तर पहिली माझी चूल विझेल, साहेब."

साबिनाचा चुलतभाऊ लुसियानो लहानपणापासून मनिलाच्या शाळेत वाढलेला. चकाकते बूट घालूनच तो वर आला, जरासा लंगडत.

"डावा चावतो," तो म्हणाला.

"मग काढा की," पियो म्हणाला.

"शहरातली सवय. आणि काकांच्या आत्म्याला छळू नका हो. नेला त्यांनी कागद, संपलं."

संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आधी मार्सेलोने सगळ्यांना खोलीच्या दाराशी बोलावलं आणि दोनातोला त्या ठशाशेजारी राखेत पाऊल ठेवायला लावलं. ठसा पंख्यासारखा पसरला.

"हा जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा पाय. काकांचाही असाच असणार. पण या भुताची बोटं खेटलेली आहेत. हे भूत बुटात वाढलंय. मेलेला अनवाणी चालतो, म्हणून मुद्दाम बूट काढून आत आलं. करंगळीची खूण काय, हाताने पुसता येते."

"पण कागद जाळून का नाही टाकला?" पियोने विचारलं.

"सावकारालाच विकायचा होता म्हणून. तो फुकट कशाला पैसे देईल? कागद हातात पडल्यावरच देणार. नऊ दिवस घर सोडता येत नाही, आणि इतक्या माणसांत लपवायला कोपरा कुठला? लुसियानो, डावा बूट काढा."

लुसियानो जागचा हलला नाही. दोनातोने बूट ओढून काढला. तळाशी घडी घातलेली पावती होती. घामाने भिजली होती, पण सही स्पष्ट वाचता येत होती.

साबिनाने ती छातीशी धरली. जमीन वाचली होती. ती मात्र राखेकडेच पाहत राहिली.

"म्हणजे काका आलेच नव्हते?"

मार्सेलोने होकारार्थी मान हलवली.

"ती पावलं पाहिल्यापासून रोज ताट वाढतेय. भात तसाच राहायचा. मला वाटलं, रागावलेत माझ्यावर."

"रागावतील कशाला, पोरी?" तो म्हणाला. "तुझ्यासाठी जमीन सोडवून गेलेत ते."

इतक्या दिवसांत साबिना तेव्हा पहिल्यांदा रडली.