पत्तीवरची तारीख

“सोडा ना हो बाबा… मी काय परका आहे का?”

धाकट्याचा आवाज शेवटी भरून आलाच. सॅक्सोफोनच्या काळ्या पेटीची मूठ त्याच्या हातात होती आणि पेटीवर, खुंटा रोवावा तशी, मास्तरांची डावी मूठ घट्ट रोवलेली! उजवा हात पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठ महिने मांडीवर पडून होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. ज्या ओठांनी चाळीस वर्षं हॉटेलांच्या मंचांवर आणि शाळेच्या गळक्या वर्गात जॅझ जागवलं, त्या ओठांच्या कोपऱ्यातून आता दुधाचा घोटही ओघळून जात होता… आणि वाचा तर त्या दिवसापासून गेलेलीच.

“ताई, तूच समजाव त्यांना. परवा त्यांच्या शिष्यांनी मिळून कार्यक्रम ठेवलाय. त्यांच्या वाद्यावर त्यांचा मुलगा वाजवणार, एवढंच तर आहे!”

ताई ओला टॉवेल घेऊन दारात उभी होती. समजाव! आयुष्यभर दुसऱ्यांना समजावणंच तिच्या वाट्याला आलं होतं. तिला समजून घ्यायची पाळी मात्र कधी कुणावर आली नव्हती…

“कालपासून असेच आहेत,” ती म्हणाली. “डाव्या हाताच्या व्यायामासाठी सॅक्सोफोनच्या जुन्या पत्त्यांचा डबा दिला होता, एकेक उचलून ठेवायला. त्यातलं काहीतरी मुठीत धरलंय. जेवतानाही उघडली नाही. आणि ओढाओढी करू नकोस हं, या घरात राजा रुसला की सगळं राज्य उपाशी झोपतं.”

धाकटा कसनुसा हसला. मास्तर हसले नाहीत.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूची एक पत्ती बांधतात. बोटाएवढी लांब, टोकाला कागदाहून पातळ. श्वास तिला थरथरवतो आणि ती थरथर पितळात शिरून गाणं होते. कोरी पत्ती मात्र मोठी हट्टी! रोज पाच मिनिटं, आठवडाभर, एकच लांब सूर फुंकून तिला वळण लावावं लागतं. घरात याला ‘पत्ती पिकवणं’ म्हणत. पिकवायची ताईने, पारखायची मास्तरांनी, आणि पसंत पडली की बुडाशी पेन्सिलने तारीख घालायची तीही मास्तरांनीच. तारीख पडली, म्हणजे पत्ती मंचावर जायच्या लायकीची झाली. मागच्या खोलीत बसून ताईने अशा किती पत्त्या पिकवल्या, त्याला गणती नव्हती. सव्वीस वर्षं ती एकच सूर वाजवत आली होती… टाळ्या पुढच्या खोलीच्या, श्वास मागच्या खोलीचा!

पण त्याआधी तिला सगळे सूर येत होते.

दूरच्या संगीत विद्यालयात मास्तरांच्या शब्दावर एका विद्यार्थ्याला जागा मिळणार होती. शाळेच्या हॉलमध्ये दोघं भावंडं वाजवणार आणि मास्तर निवडणार. त्या सकाळी त्यांनी आपल्या ठेवणीतली सर्वांत गोड पत्ती काढली, तिच्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि ताईच्या तळहातावर ठेवली. “ही तुला,” एवढंच बोलले. त्या दोन शब्दांत तिला सगळं जग मिळालं होतं!

आणि मग तिने धाकट्याकडे पाहिलं. सोळा वर्षांचा पोर, पण दुकानात वही मागायला गेला तरी ‘व’वर अडायचा, मागची रांग फिदीफिदी हसायची. सॅक्सोफोन ओठांना लागला की मात्र जिभेची गाठ सुटायची, झरा वाहायचा. इथे राहिला असता तर तो मुकाच झाला असता… बोळात उभी राहून तिने अंगठ्याचं नख पत्तीच्या टोकावर ठेवलं. डोळे मिटले. आणि दाबलं.

तिसऱ्याच ओळीला तिचा सूर किंचाळला.

“आधी पत्ती बघायची, मग पोराला बोलायचं,” हा मास्तरांचा पहिला धडा. नवा विद्यार्थी कितीही बेसूर वाजवो, ते आधी त्याची पत्ती उजेडात धरत. त्या एका दिवशी, त्या एकाच पोरीच्या बाबतीत, ते विसरले. आशाच एवढी मोठी होती की तिचा चुरा डोळ्यांत गेला! भरल्या हॉलमध्ये म्हणाले, “श्वासच फाटका आहे हिचा. धाकटा जाईल.”

ताई मंचावरून खाली आली ती मुद्दाम हळू चालत. बघतील… आता हाक मारतील… रागावतील, पण बघतील तरी… दारापर्यंत दहा पावलं होती. दहाही संपली.

आज दुपारी त्याच बापाची मूठ हळूहळू उघडली. तळहातावर एक पिवळी पडलेली पत्ती होती.

धाकट्याने ती उजेडात धरली. “ही तारीख… अगं ताई, हा तर माझ्या निवडीचा दिवस! तू वाजवलीस ती का ही? आणि टोक असं कसं तुटलं? पडली की उभी चिरते ना पत्ती?”

ताईच्या हातातून टॉवेल गळून पडला. मास्तरांनी पत्ती परत घेतली, मांडीवर ठेवली, मग तिचा अंगठा धरून ओढला आणि पत्तीच्या टोकावर नेऊन ठेवला. चंद्रकोरीएवढी ती खाच… तिचं नख तिच्यात नेमकं बसलं.



“माझ्यासाठी?” धाकट्याचा आवाज कितीतरी वर्षांनी अडखळला. “त… ताई, विचारायचं तरी मला!”

“तुला विचारलं असतं तर ‘नको’ म्हणायला तू संध्याकाळ लावली असतीस,” ती हसायला गेली, आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. “सुखी झालास ना रे? मग झालं तर!”

मास्तरांचा जबडा हलत होता. गळ्याची शीर ताणली होती, घशातून नुसती घरघर येत होती. ताई त्यांचं तोंड पुसायला धावली, तोच धाकट्याने तिला थांबवलं.

“थांब. त्यांना घाई करू नकोस. मला माहीत आहे, शब्द आत तयार उभा असतो, दारच उघडत नाही…”

दोघंही वाट पाहत राहिली. शब्द आला नाही. सव्वीस वर्षं उशिरा निघालेला तो शब्द आता उंबरठ्यावरच पांगळा झाला होता! डोळ्यांतून मात्र धार लागली. मास्तरांनी डाव्या हाताने पेटी ढकलली… धाकट्याकडे नाही. ताईकडे.

धाकट्याने पेटी उघडली. गळ्यात अडकवायचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने ताईच्या गळ्यात घातला, तिच्या उंचीला बसवला.

“अरे, मला आता एकच सूर येतो रे…”

“मग तोच वाजव.”

झटका आला त्याच आठवड्यात तिने पिकवलेली एक पत्ती पेटीत तशीच राहिली होती, पारखायची राहून गेलेली, बिनतारखेची. ताईने ती ओठांत ओली केली, बांधली आणि फुंकली. काय तो सूर होता! इतक्या वर्षांचा साठलेला श्वास त्यात होता. भरदार, अखंड, कुठेही न फाटणारा. त्या सुरातूनच ती त्या दिवशीच्या धुनेत उतरली. बोटं गंजली होती, दोनदा घसरली. तिसरी ओळ आली, तशी तिने डोळे मिटले… आणि सूर तिथून अलगद पुढे गेला. समोर मास्तर आपल्या अर्ध्या ओठांनी तिच्याबरोबर फुंकत होते. वारा कोपऱ्यातून नुसताच निसटत होता.

धून संपली. मास्तरांनी हात पुढे केला. ताईने पत्ती सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली, तशी मानेनेच त्यांनी पेन्सिल मागितली. धाकट्याने पत्ती मेजावर दाबून धरली. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं, त्यांनी दिवस लिहिला. मग महिना. तिथे पेन्सिल बोटांतून सुटली आणि घरंगळत जमिनीवर गेली.

वर्षाची जागा कोरीच राहिली.

“मी लिहू?” धाकट्याने विचारलं.

ताईने नकारार्थी मान हलवली. पत्तीला दुसऱ्या कुणाची पेन्सिल लागायची नाही, ही या घरची रीत होती.